शेवटचं गाणं नीट वाजावं म्हणून

जुन्या टर्नटेबलवर प्रत्येक बाजूचं शेवटचं गाणं मी नुसतं सहन करत आलो होतो. पहिली दोन-तीन गाणी छान वाजायची. सुई लेबलाजवळ पोचली की गायिकेचा प्रत्येक ‘स’ थुंकल्यासारखा यायचा. रेकॉर्डी धुतल्या, तशीच नवी सुई आणून लावली, काही फरक नाही. म्हणून नवं टर्नटेबल घेताना मुद्दाम कार्ट्रिजशिवाय, म्हणजे सुई धरून तिच्या कंपनांचा विद्युत सिग्नल करणाऱ्या डबीशिवाय, घेतलं. ती डबी जिथे बसते ते रिकामं हेडशेल आणि त्यातून लोंबणाऱ्या चार रंगीत तारा. आता मनासारखं बसवू म्हटलं, आणि तीन आठवडे त्यातच गेले.

सुरुवात चुकीच्या टोकाकडून केली. कार्ट्रिजबद्दल जिथे वाचावं तिथे विशेषणांचा पाऊस: उबदार, मोकळा, रेशमी. लिहिणारा कार्ट्रिजचं वर्णन करतोय की स्वतःच्या स्पीकरचं, ते कळायला मार्ग नाही. त्यात डेनॉनच्या डीएल-१०३वर जीव जडला. साठच्या दशकात जपानच्या एनएचके या प्रसारणसंस्थेसाठी घडवलेलं हे मूव्हिंग कॉइल (सुईबरोबर तारेचं वेटोळं हलणारं) कार्ट्रिज, आणि अजूनही बनतंय. पण त्यातून सिग्नल निघतो जेमतेम ०.३ मिलिव्होल्ट. माझ्या अ‍ॅम्प्लिफायरचा फोनो इनपुट (टर्नटेबल जोडायची जागा) फक्त एमएमसाठी, म्हणजे चुंबक हलणाऱ्या मूव्हिंग मॅग्नेटसाठी; त्याला तीन ते पाच मिलिव्होल्टची सवय. सिग्नल वाढवणारा वेगळा फोनो स्टेज आला असता, आणि सुई झिजली की ती घरी बदलण्याचीही सोय नाही. तो नाद सोडला. (मनातून अजून सुटलेला नाही, ते वेगळं.)

मग विशेषणं बाजूला ठेवून कागद-पेन घेतलं. टोनआर्म (हेडशेल धरणारा लांब हात) आणि कार्ट्रिज मिळून स्प्रिंगला टांगलेल्या वजनासारखे वागतात. सुईच्या दांडीची लवचिकता, म्हणजे कम्प्लायन्स, ही त्यातली स्प्रिंग. या जोडीची स्वतःची एक कंपनसंख्या असते आणि ती ८ ते १२ हर्ट्झच्या आसपास पडावी. फार खाली गेली तर वाकड्या रेकॉर्डीवर आणि पावलांच्या धक्क्याने आर्म डोलायला लागतो. फार वर गेली तर संगीतातल्या खर्जाला जाऊन भिडते. हिशेब सोपा आहे: आर्मचं इफेक्टिव्ह मास (हलताना सुईला जाणवणारं वजन), कार्ट्रिज आणि स्क्रू यांची ग्रॅममधली बेरीज करा, तिला कम्प्लायन्सने गुणा, वर्गमूळ काढा आणि १५९ला त्याने भागा.

माझा आर्म १३ ग्रॅमचा. शेवटच्या यादीत दोनच नावं उरली होती, ऑर्टोफोन २एम ब्लू आणि ऑडिओ-टेक्निका व्हीएम९५एमएल. पहिल्याचं उत्तर आलं ७.७ हर्ट्झ, दुसऱ्याचं ११च्या वर. मी खूश! दोन दिवसांनी लक्षात आलं की जपानी कंपन्या कम्प्लायन्स १०० हर्ट्झला मोजून देतात आणि हे सूत्र १० हर्ट्झचा आकडा मागतं. तो साधारण दीड ते दोन पट धरायचा असतो. पुन्हा मांडलं तर ८.६. म्हणजे दोघांत फरक एक हर्ट्झही नाही, आणि दीड-दोन पटीच्या अंदाजावर काढलेल्या आकड्यावरून कुणाला बाद करण्यात अर्थ नव्हता.

निर्णय केला तो सुईच्या हिऱ्याच्या टोकाने. एलपी फिरते एकाच वेगाने, मिनिटाला ३३⅓ फेरे. पण बाहेरच्या कडेला सुईखालून सेकंदाला सुमारे ५१ सेंटिमीटर खाच सरकते आणि लेबलाजवळ जेमतेम २१. म्हणजे १० किलोहर्ट्झची जी लाट बाहेर ५१ मायक्रॉन लांब असते, तीच आत २१ मायक्रॉनमध्ये कोंबलेली. साध्या लंबवर्तुळाकार सुईच्या कडेची त्रिज्या साधारण ८ मायक्रॉन, बारीक कडेच्या मायक्रोलाइन सुईची ३. अरुंद गल्लीत ट्रक घालायचा की सायकल, एवढाच प्रश्न. माझं शेवटचं गाणं का थुंकत होतं ते तेव्हा कुठे कळलं. ब्लूची सुई लंबवर्तुळाकार होती, एमएलची मायक्रोलाइन. ठरलं.

एक भानगड उरली, कपॅसिटन्सची, म्हणजे तारांमध्ये विद्युतभार साठण्याच्या क्षमतेची. या कार्ट्रिजला १०० ते २०० पिकोफॅरॅड लोड हवा. कार्ट्रिज जोडण्याआधीच मल्टिमीटर लावून मोजलं: केबल आणि आर्मच्या तारा मिळून १४०, अ‍ॅम्प्लिफायरच्या माहितीपुस्तिकेत १००. एकूण २४०. जास्त कपॅसिटन्स आणि कॉइलचा इंडक्टन्स मिळून वरच्या सुरांत उंचवटा येतो, म्हणजे ‘स’ पुन्हा टोचणार. सुदैवाने केबल काढता येणारी होती. आखूड केबल लावून बेरीज १७५वर आणली.

बसवायच्या दिवशी हात थरथरत होते. पांढरी तार डावीकडची, निळी तिची ग्राउंड, लाल उजवीकडची, हिरवी तिची ग्राउंड, हे पाठ केलेलं. पण लोखंडी स्क्रूड्रायव्हर जवळ नेताच कार्ट्रिजमधल्या चुंबकाने तो असा खेचला की सुईवरची टोपी लावलेली नसती तर तिथेच खेळ संपला होता. पहिल्यांदा सुरू केलं तर डावा स्पीकर मुका. पांढऱ्या तारेची क्लिप ढिली होती. आत दातकोरणीचं टोक धरून चिमट्याने किंचित दाबली, तेव्हा घट्ट बसली. सुईचा भार छोट्या काट्यावर २ ग्रॅम केला. सुईचा कोन जुळवायच्या प्रोट्रॅक्टरच्या दोन खुणांवर हेडशेल सरळ करण्यात अख्खी संध्याकाळ गेली. एक खूण जमली की दुसरी बिघडते.

आता शेवटची गाणी ऐकवतात. काही रेकॉर्डींत तर मागचा तानपुरा पहिल्यांदाच वेगळा ऐकू आला. ज्या रेकॉर्डीवरून हे सगळं सुरू झालं, ती मात्र लेबलाजवळ अजूनही थुंकते. शंका आली म्हणून त्याच रेकॉर्डीची फारशी न वाजलेली प्रत मिळवून लावली, तर तोच ‘स’ स्वच्छ. माझ्या प्रतीची खाच जुन्या सुईनेच खरवडून ठेवलेली आहे, वर्षानुवर्षं, माझ्या आवडीच्या गाण्यावर सगळ्यात जास्त.