तुम्ही विचारलंत म्हणून : शेवटी ठरवतं कोण?

फेब्रुवारी लागला की मला कॉलेजांमधून बोलावणी येऊ लागतात. सत्तावीस तारखेला मराठी भाषा गौरव दिन. मराठीसाठी काहीतरी करायला हवं असं सगळ्यांना एकदम आठवतं, आणि मराठी विकिपीडियाची कार्यशाळा हा त्यातल्या त्यात स्वस्तातला कार्यक्रम. संगणक त्यांचे, वडापाव त्यांचा, घसा माझा. दोन तास झाले की मागच्या बाकावरून प्रश्न येतोच : "मॅडम, तिथे कोणीही काहीही लिहू शकतं ना? मग दोघांचं पटलं नाही तर शेवटी ठरवतं कोण?" लग्नाच्या पंगतीतही हेच विचारतात. माझ्या नणंदेने तर इतक्यांदा विचारलंय की आता उत्तराची वाटही बघत नाही.

मी छोटं उत्तर देते : कोणीच नाही. मुलांना वाटतं, बाई टाळतायत.

त्यांचा तरी काय दोष? कोश म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर एक माणूस येतो. ज्ञानकोशाचे तेवीस खंड म्हणजे केतकर. वाईच्या मराठी विश्वकोशाचा पहिला खंड १९७६ साली निघाला, त्याचे प्रमुख संपादक तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी. नोंद कोणी लिहायची, किती लिहायची, काय गाळायचं, हे ठरवणारं कुणीतरी तिथे होतं. १ मे २००३ ला सुरू झालेल्या मराठी विकिपीडियावर असं नाव नाही. प्रचालक आहेत, पण प्रचालक म्हणजे साहेब नव्हे, किल्ल्या सांभाळणारा माणूस. तो पान कुलूपबंद करू शकतो, खोडसाळ सदस्याला काही काळ बाहेर ठेवू शकतो, भरताड पान वगळू शकतो. लेखात काय खरं, या वादात मात्र त्याच्या मताला तुमच्या-माझ्याइतकंच वजन.

मग होतं काय? तुम्ही वाक्य लिहिता. मला ते पटत नाही, मी बदलते. तुम्ही माझा बदल पूर्वपदास नेता, म्हणजे होतं तसं परत करता. इथवर सगळं कायदेशीर आहे. प्रत्येक लेखाला 'इतिहास' असतो, त्यात कोणी केव्हा कुठली वेलांटी बदलली तेही राहतं, त्यामुळे हरवत काहीच नाही. यापुढे मात्र हात आवरून लेखाच्या चर्चा पानावर जायचं असतं. तिथे मिटलं नाही तर चावडीवर, म्हणजे सगळ्यांच्या सामाईक चर्चेच्या पानावर. इंग्रजी विकिपीडियावर याचे काटेकोर नियम आहेत. एकाच पानावर चोवीस तासांत तीनपेक्षा जास्त वेळा उलटवाउलटवी केलीत तर तुम्हाला अडवतात, आणि अगदीच हाताबाहेर गेलेल्या भांडणांसाठी निवडून दिलेली लवाद समितीही आहे. आमच्याकडे चावडी आहे. आणि एक सांगकाम्या, म्हणजे आपोआप कामं उरकणारा प्रोग्रॅम. तो कुणाशीच भांडत नाही, म्हणून मला सगळ्यांत आवडतो.

आता भांडणं कसली, ते सांगते. निवडणुका जवळ आल्या की भावी नगरसेवकांची चरित्रं उगवतात, त्यांची गोष्ट सोडा. 'कार्यसम्राट' आणि 'आमचे प्रेरणास्थान' काढलं की लेखात जन्मतारखेशिवाय काही उरत नाही, आणि पान वगळलं जातं. तिथे वाद नसतो, नुसती साफसफाई असते.

खरे वाद मन लावून काम करणाऱ्या माणसांत होतात, आणि बाहेरच्याला हसू येईल अशा गोष्टींवरून होतात. इंग्रजीवाले दह्याच्या लेखाच्या मथळ्यावरून, म्हणजे यॉगर्टच्या स्पेलिंगमध्ये एच घालायचा की नाही यावरून, २००३ ते २०११ अशी आठ वर्षं भांडले. (शेवटी एच गेला.) आपल्याकडे दह्याला दोन स्पेलिंगं नाहीत, पण आपल्याकडे आदरार्थी बहुवचन आहे. इंग्रजीवाल्यांना हे दुखणं कळायचंसुद्धा नाही.

सचिन तेंडुलकर 'हा' क्रिकेटपटू, की सचिन तेंडुलकर 'हे' क्रिकेटपटू? बोलताना आपण सगळे 'सचिनने मारला' म्हणतो. 'सचिन यांनी षटकार मारला' म्हणणारा माणूस मला अजून भेटायचाय. पण कोशात? एक म्हणाला, खेळाडू एकेरीच हवा, त्यात प्रेम आहे. दुसरा म्हणाला, पन्नाशी ओलांडलेल्या माणसाला अरेतुरे करणारा कोश मी माझ्या मुलाला दाखवणार नाही. तिसऱ्याने सुचवलं, खेळत असेपर्यंत एकेरी आणि निवृत्तीनंतर अनेकवचनी. म्हणजे निवृत्तीच्या दिवशी कुणीतरी बसून सगळी क्रियापदं बदलायची! मला स्वतःला दुसरंच काही टोचत होतं. आमदाराला, मग तो पंचविशीतला का असेना, पहिल्या ओळीपासून 'हे' मिळतं, आणि देशासाठी धावलेल्या बाईला 'ही'. हे मी चर्चा पानावर लिहिलं तेव्हा दोन दिवस कोणी काही बोललं नाही.

तोडगा निघाला तो वाईच्या खंडांतून. तिथे चरित्रनोंदीची सुरुवात अशी असते : आडनाव, नाव, कंसात जन्ममृत्यूच्या तारखा, मग 'थोर समाजसुधारक' असं काहीतरी, आणि पूर्णविराम. क्रियापदच नाही! मी म्हटलं, पहिली ओळ तशी लिहू, 'हा'ही नको आणि 'हे'ही नको. एकाला ते टपालाच्या जुन्या तारेसारखं वाटलं, पण त्यानेही मान्य केलं. पहिल्या ओळीपुरतं. दुसऱ्या ओळीपासून पुन्हा जो लिहील त्याचं व्याकरण, आणि असे लेख आजही सापडतील की ज्यांत वरच्या परिच्छेदातले 'ते' खाली 'त्याने' होऊन बसलेत.

दुसरी युक्ती जरा मोठी आहे, आणि मला ती शिकायला दोन वर्षं लागली. वाद 'काय खरं' यावर अडला की वाक्याला कर्ता द्यायचा. शिवाजी महाराजांची जन्मतारीख घ्या. वैशाख शुद्ध द्वितीया शके १५४९, म्हणजे ६ एप्रिल १६२७, असं मानणारे आहेत. फाल्गुन वद्य तृतीया शके १५५१, म्हणजे १९ फेब्रुवारी १६३०, असं मानणारे आहेत आणि त्यांच्या हातात जेधे शकावली, म्हणजे जेधे घराण्याकडची घटनांची तारीखवार जुनी नोंद, आहे. अमुक तारखेला जन्म झाला असं ठोकून लिहिलंत की त्या पानाचा आखाडा होतो. त्याऐवजी जेधे शकावलीत काय आहे, दुसरी तारीख कुठून आली, राज्य शासनाने २००१ मध्ये कोणती स्वीकारली, हे एकेक त्याच्या-त्याच्या नावावर मांडलं की कुणाला काही खोडायला उरत नाही. तुमचं माझं पटलेलं नसतंच. दोघांनाही तसंच ठेवता येईल असं वाक्य तेवढं सापडलेलं असतं. मी छापखान्यात मुद्रितं तपासण्यात आयुष्य घालवलंय. चूक दिसली की दुरुस्त करायची आणि पुढे जायचं, एवढंच मला येत होतं. चूक नसलेलं वाक्यही बदलावं लागतं, हे पचायला वेळ लागला.

आता ज्यासाठी हे सगळं लिहायला घेतलं, ते.

काही वर्षांपूर्वी भंडारा-गोंदियाकडच्या एका गावाच्या लेखात मला वाक्य दिसलं : 'गावात दोन मामा तलाव आहेत.' मी 'मामा' उडवलं. गावांच्या लेखांत लोक मित्रांची नावं 'प्रसिद्ध व्यक्ती' म्हणून घुसडतात, त्यातलाच प्रकार वाटला. थोड्या वेळाने मामा परत. मी पुन्हा उडवला आणि बदलाच्या सारांशात लिहिलं, 'खोडसाळपणा'. तिसऱ्यांदा मामा आला तेव्हा चर्चा पानावर गेले, तर तिथे ते वाक्य लिहिणाऱ्याचा मजकूर वाट बघत होता : "मामा म्हणजे माजी मालगुजारी. सरकारी कागदावर असंच लिहून राहते. माझे मामा नागपूरला आहेत, त्यांच्यापाशी तलाव नाही."

मी एकटीच मोठ्याने हसले. मग शोधलं. पूर्व विदर्भात गोंड राजांच्या काळापासून कोहळी समाजाने बांधलेले हे तलाव. इंग्रजी अमलात ते मालगुजारांकडे, म्हणजे गावाचा सारा भरणाऱ्या जमीनदारांकडे होते, १९५० च्या कायद्याने मालगुजारी गेली, तलाव सरकारकडे आले आणि 'माजी मालगुजारी'चं कचेरीत 'मामा' झालं. मी माफी मागितली. त्याने लिहिलं, "होते."

पुढे वर्षभर तो रोज रात्री आपल्या तालुक्यातलं एकेक गाव लिहायचा. नदी, तलाव, आठवडी बाजार, पीक. मी मागून ऱ्हस्व-दीर्घ नीट करत जायची. त्याची त्याला हरकत नसे. शुद्धलेखनाचे नियम छापलेले आहेत, त्यात कोण भांडणार? पण मी तेवढ्यावर थांबले नाही. त्याच्या 'धाना'चं मी 'भात' केलं. 'बांधी'चं, म्हणजे बांध घातलेल्या भातशेताचं, 'खाचर' केलं. 'बोडी'चं 'छोटे तळे' केलं. चार-पाच लेखांत त्याने परत फिरवलं, मी पुन्हा केलं. मग चर्चा पानावर त्याचा प्रश्न आला : "खाचर प्रमाण मराठी आणि बांधी बोली, हे ठरवलं कोणी?"

तोच प्रश्न. मागच्या बाकावरून येतो तोच.

मी काय केलं? 'विश्वकोशीय भाषा कशी असावी' त्या पानाचा दुवा चिकटवला आणि विषय चावडीवर नेला. आणखी दोघांनी मत दिलं, दोघंही माझ्या बाजूने. एक पुण्याचा, एक ठाण्याचा. तीन विरुद्ध एक. त्याने लिहिलं, "ठीक आहे." त्यानंतर आठवडाभराने त्याने एका गावाच्या लेखात शाळेचं नाव घातलं, आणि ते त्याचं शेवटचं संपादन. माझ्यामुळेच गेला असं मी छातीठोक म्हणू शकत नाही. नोकरी बदलली असेल, घरात काही झालं असेल, लोक जातात. पण इतिहासाच्या पानावर तारखा एकाखाली एक असतात, आणि मला वाचता येतं. इंग्रजीवर एक रुसला तर दहा नवे येतात. आमच्याकडे रोज हात चालवणारे मोजके, एक रुसला की तालुकाच्या तालुका जातो. त्याच्या तालुक्यातली निम्मी गावं आजही नुसत्या नावाची पानं आहेत.

दोनेक वर्षांनी माझ्याकडे शेतीविषयक एका पुस्तिकेची मुद्रितं आली. एका प्रकरणाचा मथळाच 'शेततळी व बोड्या'. बोडी म्हणजे शेतातच बांध घालून पावसाचं पाणी साठवायची जागा, धानाला पाऊस ओढ देतो तेव्हा कामी येणारी. तळं नव्हे, तलाव नव्हे, आणि त्याला पुण्यात शब्द नाही, कारण पुण्यात ती वस्तू नाही. धानाचं म्हणाल तर सरकार खरेदी करतं ते 'धान खरेदी केंद्रा'वर. खाचर हा शब्द तरी कुठला? आमच्या मावळातला आणि कोकणातला. माझ्या आजोळचा शब्द मी प्रमाण धरला होता, एवढीच माझी विद्वत्ता.

त्या रात्री बसून चाळीसेक लेखांत माझेच बदल मी पूर्वपदास नेले. त्याच्या सदस्य चर्चा पानावर तसं लिहिलं. उत्तर आलेलं नाही. चावडीवरच्या त्या जुन्या कौलाखालीही लिहून ठेवलं की माझं मत बदललं आहे. पुण्याच्या सदस्याने 'हरकत नाही' असं लिहिलं, ठाण्याच्याने काहीच लिहिलं नाही.

मग 'बोडी' असा लेख मी स्वतः सुरू केला. व्याख्या त्या पुस्तिकेच्या आधाराने. पाणी कमी पडलं की आधी कुणाच्या बांधीत सोडायचं हे गावात कसं ठरवतात, त्याबद्दलचं एक वाक्य मात्र कुठल्याच पुस्तकात मिळेना. ते त्यानेच एकदा चर्चेच्या ओघात लिहिलं होतं, ते मी घेतलं. महिन्याभरात कुणा नव्या सदस्याने त्या वाक्यापुढे साचा, म्हणजे तयार सूचनेची चिठ्ठी, लावला : 'संदर्भ हवा'.

बरोबर लावलाय. एखाद्या सदस्याने सांगितलं, हा आमच्याकडे संदर्भ धरत नाहीत. मीही कैक वाक्यांना तो लावला आहे. जिल्ह्याचं गॅझेटिअर चाळून झालं, पाटबंधाऱ्यावरची दोन पुस्तकं झाली, गोंदियाच्या एका ग्रंथालयाला पत्र टाकलंय. नियमाने ते वाक्य आता काढायला हवं. मी काढलेलं नाही, आणि साचाही काढलेला नाही.