मंगळवार, एक्सपायरी (ऑप्शनची मुदत संपण्याचा दिवस)

आज एकही सौदा केला नाही. शेअर बाजाराचा निर्देशांक निफ्टी सकाळपासून एका अरुंद पट्ट्यात घोटाळत राहिला. अशा दिवशी ऑप्शन (ठरलेल्या भावाने घेण्याचा किंवा विकण्याचा हक्क) विकत घेणाऱ्याची दिशा बरोबर असली तरी वेळ त्याचा प्रीमियम, म्हणजे त्या हक्कासाठी मोजलेली किंमत, खाऊन टाकतो. हे पाठ असूनही हात शिवशिवत होतेच.

दुपारी दोनला भाच्याचा फोन. "मामा, पाच रुपयांना कॉल मिळतोय, हिरो-झिरो करू का? सव्वातीनशेच तर जातील." कॉल म्हणजे बाजार वर गेला की किंमत वाढणारा ऑप्शन, आणि हिरो-झिरो म्हणजे एक्सपायरीला स्वस्तातला ऑप्शन घ्यायचा, एकतर मोठा नफा नाहीतर शून्य. हिशेब चोख, लॉट म्हणजे किमान गठ्ठा ६५ नगांचा. पण सव्वातीनशेवर कोण थांबतो? स्वस्त दिसतं म्हणून दहा लॉट उचलले जातात आणि तासाभरात सव्वातीन हजारांवर पाणी. म्हटलं, "घे, पण एकच. गेला तर परत घ्यायचा नाही." तो गप्प झाला. एकाच लॉटात त्याला काय मजा!

माझं गणित रुक्ष आहे. भांडवल तीन लाख, एका सौद्यात फार तर एक टक्का जाऊ द्यायचा. तीन हजारांना ६५ने भागलं की ४६ पॉइंट, म्हणजे नगामागे ४६ रुपये, येतात. एका लॉटला चाळीसचा स्टॉप लॉस (तोटा तेवढा झाला की सौदा बंद) आरामात बसतो. दोन लॉट घेतले की तोच तेवीसवर येतो आणि साध्या हेलकाव्यात उडतो. मग लोक 'ऑपरेटरने (भाव मुद्दाम हलवणाऱ्या बड्या खेळाडूने) स्टॉप लॉस खाल्ला' म्हणून बोंबलतात. अरे, लॉट जास्त होते!

ऑप्शन विकणाऱ्यांनाही सूट नाही. ३ जून २०२४ला एक्झिट पोलच्या जोशात निफ्टी २३,२६३वर बंद झाला. दुसऱ्या दिवशी मतमोजणी, आणि बंद २१,८८४. हेज, म्हणजे बचावाचा उलटा सौदा, न घेता पुट (बाजार पडला की किंमत वाढणारा ऑप्शन) विकून बसलेल्यांची कित्येक महिन्यांची किरकोळ कमाई अशा एका दिवसात जाते. निकालाच्या आदल्या रात्री उघडी पोझिशन ठेवणं याला मी धाडस म्हणत नाही.

शेअर बाजाराची नियामक संस्था सेबीच्या सप्टेंबर २०२४च्या अभ्यासात, २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत फ्युचर्स-ऑप्शन्समध्ये ९३ टक्के वैयक्तिक ट्रेडर तोट्यात निघाले. तो आकडा सगळे सांगतात. मला दुसरा जास्त खटकतो: सतत तोटा होऊनही तोट्यातल्या तीन-चतुर्थांशाहून अधिक लोकांनी खेळणं सोडलं नाही.

उद्या तासाच्या कँडलने (आलेखावरची एका तासाच्या भावाची काडी) आजची वरची पातळी ओलांडली तर एक लॉट. नाहीतर उद्याही काही नाही. तसंही सकाळी गॅस सिलिंडरवाला यायचाय.