लातुरात ऑर्किड

दुपारी पडदा ओढताना लक्षात आले, की फॅलेनॉप्सिस या ऑर्किडच्या रोपाचे एक मूळ कुंडी सोडून खिडकीच्या लाकडी चौकटीला जाऊन चिकटले आहे. मुळे ही झाकून ठेवायची गोष्ट, अशी आपली मातीतल्या माणसांची समजूत. हे रोप मात्र मूळचे झाडांच्या फांद्यांवर राहणारे. मातीत कोंबले तर त्याची मुळे कुजतात. म्हणून कुंडीत कोळशाचे तुकडे, विटांचे खडे आणि नारळाची सोडणे एवढेच घातले आहे. मुळांवर मृत पेशींचा एक रुपेरी थर असतो, आणि पाणी मिळाले की त्यातून आतला हिरवा रंग दिसू लागतो. पाण्याची वेळ मुळेच सांगत असताना वार ठरवून पाणी घालण्याच्या सल्ल्यांवर माझा विश्वास नाही, आणि कुंडीत बर्फाचे खडे ठेवा म्हणणाऱ्यांवर तर मुळीच नाही.

या रोपाची आणखी एक सवय मला फार ओळखीची वाटते. बहुतेक झाडे पानांवरची रंध्रे दिवसा उघडतात; हे रोप ती रात्री उघडते, कार्बन डायऑक्साइड आम्लाच्या रूपात साठवून ठेवते आणि दिवसा रंध्रे मिटून त्या साठ्यावर आपले अन्न तयार करते. रात्री अवेळी आलेल्या नळाचे पाणी पिंपात, घागरीत, हाताला लागेल त्या पातेल्यात भरून ठेवायचे आणि दुपारी दारे-खिडक्या लोटून घरात बसायचे, हा आमचा उन्हाळा याहून फार वेगळा नसतो.

पाणी थोडे चालते, पण हवा ओली लागते, आणि इथे मराठवाडा आडवा येतो. सह्याद्रीत पावसाळ्याच्या तोंडाशी सीतेची वेणी हे ऑर्किड झाडांवरून लोंबते, ते तिथल्या दमट हवेच्या बळावर. इथे एका परातीत खडे पसरून त्यात पाणी घालावे लागते आणि कुंडीचा तळ भिजणार नाही अशा बेताने ती खड्यांवर ठेवावी लागते. परात प्रथम मांडली तेव्हा आजोळच्या ओसरीतला रांजण आठवला. कोपऱ्यात वाळूचा ओटा होता आणि त्यावर रांजण बसवलेला होता. आजी रोज सकाळी वाळूवर पाणी शिंपडायची आणि अधूनमधून त्या वाळूत धने टाकायची, त्यामुळे बाहेर पानही हलत नसलेल्या दिवसांत त्या कोपऱ्यात कोथिंबिरीची पोपटी पाने डोलत असायची. जेवणे झाली की आम्ही सगळी भावंडे शहाबादी फरशीवर रांजणाच्या जितके जवळ जाता येईल तितके सरकून निजायचो. "उठा तिथून, अंगात गारठा शिरंल," असे आजी ओरडायची. बाहेर धुळीच्या वावटळी उठत असताना गारठ्याची भीती घालणारी ती एकटीच होती.

बोअरचे पाणी या रोपाला सोसत नाही. त्यातल्या क्षारांची पांढरी पुटे कुंडीवर चढतात आणि मुळांची टोके करपतात. म्हणून गच्चीवरचे पावसाचे पाणी पिंपात धरून, झाकण घालून ठेवते.

फूल मात्र दोन-अडीच महिने टिकते. सासूबाईंना त्याचाच संशय आला. "हे वाळत कसं नाही गं? कागदाचं तर नाही ना?" असे त्यांनी विचारले आणि बोट लावून पाहिले. मोगरा सकाळी वेचायचा आणि दुसऱ्या दिवशी निर्माल्यात टाकायचा, या हिशेबात वाढलेल्या माणसाला इतका टिकाऊपणा फुलाला शोभत नाही असे वाटले, तर ते मला पटते. शिवाय त्याला वासही नाही. महिनाभराने मीही त्याच्याकडे बघायचे विसरते. कोमेजणार नाही याची खात्री असलेल्या फुलाकडे कोण रोज बघणार?

पिंपातले पाणी मार्चअखेर तळाला जाते. दुष्काळात, १२ एप्रिल २०१६ रोजी मिरजेहून पाच लाख लिटर पाणी घेऊन पहिली रेल्वेगाडी लातूर स्थानकात आली, तेव्हा आमच्याकडे ऑर्किड नव्हते. ते असते तर त्याचा तांब्याभर वाटा मी घरातल्या कोणाच्या वाट्यातून काढला असता, असे एकदा सासूबाईंना विचारले. त्या म्हणाल्या, "मोगरा होता की तेव्हा. वाळू दिला."