भूकंपमापकासाठी खड्डा खणताना

भूकंपमापन केंद्राची चर्चा सुरू झाली की पहिला प्रश्न यंत्राविषयी येतो. जमिनीची हालचाल टिपणारा कोणता सेन्सर घेतला, किती मंद, म्हणजे सावकाश हेलकावणाऱ्या, लहरी तो टिपू शकतो, त्या हालचालीचे आकड्यांत रूपांतर करणारा डिजिटायझर किती बिटांचा आहे, असे विचारले जाते. हे प्रश्न रास्त आहेत. पण उघड्या रानात केंद्रे उभारण्याच्या कामात काही वर्षे घालवल्यावर माझे मत असे झाले आहे की, केंद्र चांगले निघणार की वाईट याचा मोठा भाग यंत्र पेटीतून बाहेर काढण्याआधीच ठरून गेलेला असतो. जागा, खड्डा आणि पहिल्या दिवशीची नोंदवही यांत राहिलेली उणीव पुढे कितीही महागड्या उपकरणाने भरून निघत नाही.

जमीन कधीच स्थिर नसते, हे या कामात अगदी सुरुवातीलाच उमगते. समुद्राच्या लाटा जमिनीला अखंड हलवत असतात आणि सुमारे ५ ते १० सेकंदांच्या आवर्तनकाळाची ती हालचाल खंडाच्या मध्यभागीदेखील नोंदीत दिसते. या सूक्ष्मकंपांपुढे आपला इलाज नसतो. माणसाने निर्माण केलेला गोंगाट मात्र १ हर्ट्झच्या वर असतो आणि तो टाळणे बऱ्याच अंशी आपल्या हातात असते. २०२० साली जगभर टाळेबंदी झाली, तेव्हा अनेक केंद्रांवरील हा गोंगाट निम्म्यापर्यंत खाली आला होता. रस्ते, रेल्वे, पंप आणि यंत्रे आपल्या नोंदी किती व्यापून बसलेली असतात, हे त्या काळातील आलेख पाहिल्यावर मला जितके नेमके कळले तितके कोणत्याही पाठ्यपुस्तकातून कळले नव्हते. जागेची पारख करताना अमेरिकी भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेच्या जॉन पीटरसन यांनी १९९३ मध्ये मांडलेल्या दोन सीमारेषा आजही वापरल्या जातात. एक रेषा पृथ्वीवरील सर्वांत शांत केंद्रांची पातळी दाखवते आणि दुसरी गोंगाटाच्या केंद्रांची. आपल्या जागेचा आलेख या दोहोंमध्ये कुठे बसतो ते पाहण्यासाठी तात्पुरता सेन्सर निदान दोन-तीन दिवस ठेवावा, आणि त्यांत कामाचा एक दिवस व सुटीचा एक दिवस यावा, असा माझा आग्रह असतो.

नकाशावर शांत दिसणारी जागा प्रत्यक्षात तशी असेलच असे नाही, म्हणून ती पायी फिरून पाहावी लागते. कातळ उघडा पडला आहे का, मुरमाचा थर किती जाड आहे, पावसाचे पाणी कुठून वाहते, हे पाहायचेच, पण झाडांकडेही लक्ष द्यायचे. वारा सुटला की झाड डोलते, त्याची मुळे माती हलवतात आणि ती हालचाल जमिनीतून सेन्सरपर्यंत पोहोचते. कुंपणाचे खांब, टाक्या आणि मनोरे यांनाही हेच लागू आहे. एखादे मोठे झाड दिसले की त्याच्या सावलीत केंद्र बसवावे असे सर्वांना वाटते, कारण उन्हातल्या कामात तेवढाच दिलासा मिळतो. मी त्याला ठामपणे नकार देते.

खड्ड्याच्या कामाला मी सर्वांत जास्त वेळ देते. शक्य असेल तिथे कातळ लागेपर्यंत खणावे. तो लागला नाही तर निदान एक ते दीड मीटर खोल जावे. तळाची भुसभुशीत माती आणि सुटे दगड हाताने काढून खडक ब्रशने झाडून घ्यावा आणि मग त्यावर काँक्रीटचा लहानसा ओटा घालावा. काँक्रीटमध्ये मोठी खडी किंवा लोखंडी सळया नसाव्यात आणि ओतल्यावर ते नीट ठोकून हवेचे बुडबुडे काढून टाकावेत. खड्ड्यात प्लॅस्टिकचे पिंप बसवले असेल तर पिंपाची भिंत आणि ओटा यांच्यात फट सोडणे अत्यावश्यक आहे, कारण ओली माती फुगते, सुकताना आकसते आणि भिंतीला ढकलत राहते. ही फट राहिली नाही तर तो सारा ताण ओट्यातून थेट सेन्सरच्या पायांपर्यंत जातो. ओटा पुरेसा सुकायला काही दिवस लागतात. घाई करून दुसऱ्याच दिवशी सेन्सर ठेवला तर पुढे कित्येक दिवस त्याच्या नोंदीत ओटा मुरताना दिसत राहतो.

एवढी काळजी कशासाठी, असे खणणाऱ्या मंडळींनी मला अनेकदा विचारले आहे. सेन्सर जमिनीची हालचाल तीन घटकांत मोजतो: एक उभा, वर-खाली हालचालीचा, आणि दोन आडवे, उत्तर-दक्षिण आणि पूर्व-पश्चिम हालचालीचे. एक किलोमीटर लांबीची ताठ दांडी कल्पावी आणि तिचे एक टोक एका मिलिमीटरच्या हजाराव्या भागाइतके उचलावे, म्हणजे तिचा कल जेवढा बदलेल तेवढा बदल सेन्सरच्या ओट्यात झाला तरी आडव्या घटकांवर गुरुत्वाकर्षणाचा सुमारे एक अब्जांश भाग त्वरण म्हणून चढतो, आणि संवेदनशील यंत्र ते मंद लहर समजून नोंदवते. उभ्या घटकावर मात्र कलण्याचा परिणाम जवळजवळ होत नाही. म्हणूनच दूरच्या मोठ्या भूकंपाच्या मंद लहरी उभ्या घटकावर स्वच्छ उमटतात आणि आडवे घटक दिवसभर तरंगत राहतात. खोली, कोरडेपणा आणि स्थिर तापमान यांसाठीची सगळी धडपड मुख्यतः या आडव्या घटकांसाठी असते.

उत्तर दिशा ठरवण्याविषयी मला विस्ताराने लिहायचे आहे, कारण तिथे माझ्या हातून चूक झाली आहे. होकायंत्र चुंबकीय उत्तर दाखवते. सेन्सरला भौगोलिक उत्तर लागते. दोन्हींतील फरक, म्हणजे चुंबकीय दिक्पात, ठिकाणागणिक वेगळा असतो आणि वर्षांनुसार बदलतही जातो. एका केंद्रावर हा फरक ६ अंश होता. मी तो ज्या बाजूला धरायला हवा होता त्याच्या नेमक्या उलट बाजूला धरला आणि सेन्सर खऱ्या उत्तरेपासून १२ अंश फिरवून बसवला. एवढ्या चुकीने एका आडव्या घटकाचा जवळपास पाचवा हिस्सा दुसऱ्यात गळतो. केंद्र वर्षभर सुरळीत चालले आणि कोणाला काही खटकले नाही. पुढे दूरच्या काही भूकंपांच्या सर्वांत आधी पोहोचणाऱ्या पी लहरींची दिशा तपासताना प्रत्येक भूकंप नकाशावरील जागेपासून एकाच बाजूला, सारख्याच अंशांनी सरकलेला दिसू लागला आणि चूक उघड झाली. त्या वेळी मला वाचवले ते नोंदवहीने. सेन्सर बसवल्यानंतर तो कोणीही हलवलेला नाही, हे तारखांनिशी लिहिलेले होते, त्यामुळे पहिल्या दिवसापासूनची माहिती एकाच कोनाने फिरवून दुरुस्त करता आली. दिशेची चूक ५ अंशांहून अधिक असेल तर त्या वाहिन्यांना, म्हणजे आडव्या घटकांच्या नोंदींना, उत्तर आणि पूर्व अशी नावे न देता १ आणि २ म्हणावे, असा जागतिक संकेत आहे. तो मी तेव्हापासून काटेकोरपणे पाळते.

आता मी हे काम कसे करते ते सांगते. खड्ड्यात होकायंत्र नेतच नाही. पहार, फावडे, घमेले, बॅटरी, गाडी आणि खिशातला मोबाईल या सगळ्यांपासून दूर जाऊन, जमिनीवर दोन लाकडी खुंट्यांमध्ये दोरी ताणून उत्तर आखते, त्या रेषेचे माप मी आणि माझे दोन सहकारी असे तिघे स्वतंत्रपणे घेतो, आणि मगच ती रेषा ओळंब्याने खड्ड्यात उतरवून ओट्यावर कोरून घेते. एकदा तिघांच्या मापांत ४ अंशांची तफावत आली. शोध घेतला तेव्हा एका सहकाऱ्याच्या पट्ट्याचे लोखंडी बक्कल होकायंत्राच्या अगदी वर येत होते, असे आढळले. प्रकाशतंतूंवर चालणारा दिशादर्शक हाताशी असेल तर हा प्रश्नच उरत नाही, पण तो प्रत्येक उभारणीला मिळत नाही.

सेन्सर ओट्यावर ठेवल्यावर तीन पायांचे स्क्रू फिरवून पाणसळीचा बुडबुडा वर्तुळाच्या मध्यावर आणायचा आणि पायांच्या चकत्या घट्ट करायच्या. चकत्या आवळताना बुडबुडा हमखास थोडा सरकतो, म्हणून पुन्हा पाहायचे. प्रवासासाठी सेन्सरच्या आतील झुलते वजन, म्हणजे वस्तुमान, कुलूपबंद केलेले असेल तर ते मोकळे करायचे. केबलला सेन्सरजवळ एक सैल वळसा द्यायचा, म्हणजे ती तापून ताणली गेली तरी सेन्सरला ओढ बसत नाही. त्यावर जाड थर्माकोलचे आवरण, मोकळ्या जागेत आणखी थर्माकोल, वर घट्ट झाकण आणि झाकणावर माती. केबल उंदीर कुरतडतात, तेव्हा ती पाइपातूनच न्यावी.

विजेचा हिशेब सोपा आहे. सेन्सर आणि डिजिटायझर मिळून ३ वॅट घेत असतील तर १२ व्होल्टवर दिवसाला ६ अँपिअर-तास लागतात. पाच दिवस ऊन नसेल तर ३०. शिसे-आम्ल बॅटरी निम्म्याखाली उतरू द्यायची नसते, म्हणून किमान ६० आणि जुनी होण्याचा विचार धरून १०० अँपिअर-तासांची घ्यावी. सोलर पॅनेलचा खांब मात्र सेन्सरपासून दूर रोवावा, कारण वाऱ्यात तोही झाडाइतकाच डोलतो.

वेळेच्या बाबतीत मी कोणतीही तडजोड मान्य करत नाही. पी लहर पृथ्वीच्या कवचातून सेकंदाला सुमारे ६ किलोमीटर धावते. डिजिटायझरचे घड्याळ दहा लाखांत एक भाग चुकत असेल आणि उपग्रहाकडून येणारी वेळ त्याला मिळत नसेल, तर आठवड्याभरात ०.६ सेकंदाची चूक साचते, म्हणजे अंतरात साडेतीन किलोमीटरहून अधिक. अँटेनाला मोकळे आकाश हवे. त्याचबरोबर उपग्रहाची वेळ घेणाऱ्या जुन्या ग्राहक-यंत्रांवर डोळे झाकून विश्वास ठेवू नये. ६ एप्रिल २०१९ रोजी जीपीएसचा १०२४ आठवड्यांचा गणनाक्रम पुन्हा शून्यापासून सुरू झाला आणि काही जुनी यंत्रे एकोणीस वर्षांहून अधिक मागची तारीख लावू लागली. माहिती अखंड साठत राहते, पण भलत्याच वर्षात जाऊन पडते.

निघण्यापूर्वी मी तिन्ही वाहिन्या पडद्यावर पाहते, झाकणाजवळ हलकेच पाय आपटून प्रत्येकीत हालचाल उमटते का ते तपासते, वस्तुमानांच्या स्थितीचे व्होल्टेज शून्याजवळ आहे ना ते पाहते आणि सर्व अनुक्रमांक, खोली, दिशा, अक्षांश-रेखांश व सेन्सर सुरू केल्याची वेळ नोंदवहीत लिहून त्या पानाचे छायाचित्र काढते. उभ्या घटकाची दिशा उलट तर जोडली गेली नाही ना, हे पुढच्या दूरच्या भूकंपात शेजारच्या केंद्रांच्या पहिल्या हालचालीशी ताडून पाहायचे असते, आणि ते काम कोणाकडे आहे हेही त्याच पानावर लिहिते. पहिले एक-दोन आठवडे मंद लहरींचा आलेख वाईटच दिसतो. ओटा, सेन्सर आणि भोवतालची माती एकमेकांशी जुळवून घेत असतात. त्या काळात झाकण उघडायचे नाही, असे मी पानाच्या तळाशी ठळक अक्षरांत लिहिते.