चतकोर भाकरी, एक मोसंबी

सप्टेंबरातली गोष्ट. जालन्यात तेव्हा आंबिया बहाराच्या मोसंबीची तोडणी सुरू असते. अंबड तालुक्यातले एक मामा मोसंबीची पिशवी घेऊन दवाखान्यात आले आणि माझ्यासमोर बसता बसता घामाने निथळू लागले. हात थरथरत होते. सिस्टरने बोटाला टोचून रक्तातली साखर पाहिली : ५४, फारच कमी.

डॉक्टर म्हणाले, काहीतरी गोड द्या, लगेच. पिशवी हाताशीच होती. मी दोन मोसंब्या पिळून अर्धा पेला रस पुढे केला, तर मामांनी तोंड फिरवलं. "नको ताई. तीन आठवडे झाले, फळ तोंडाला लावलं न्हाई."

सोबत आलेल्या काकूंनी दरडावलं तेव्हा कुठे प्यायले. १५ मिनिटांनी साखर ८८ झाली.

मग सगळं कळलं. मोबाइलवरचा कुठलासा सल्ला ऐकून मामांनी भाकरी आणि फळं एकदमच बंद केली होती. मधुमेहाची गोळी मात्र पूर्वीच्याच मात्रेत चालू. ती गोळी स्वादुपिंडाकडून इन्सुलिन काढून घेते. पोटात पिष्टच (कार्बोहायड्रेट) नसेल तर साखर खाली जाणारच. डॉक्टरांनी त्याच दिवशी मात्रा कमी केली. जेवणातलं पिष्ट कमी करायचं तर आधी गोळ्यांचं डॉक्टरांशी बोला, हे मी तेव्हापासून प्रत्येकाला पहिल्या वाक्यात सांगते.

मामांचा खरा प्रश्न वेगळाच होता. "दीडशे झाडं लावली मी. आता आपल्याच बागेतलं फळ आपल्याला वर्ज्य का?"

मला गलबलून आलं. वर्ज्य नाही मामा, हिशेबात बसवायचं. आपली मोठी ज्वारीची भाकरी ४० ग्रॅम पिष्टाच्या घरात जाते, मध्यम मोसंबीत साधारण १० ग्रॅम. म्हणजे ताटातली चतकोर भाकरी बाजूला ठेवायची आणि जेवणानंतर एक मोसंबी खायची. फोडींवरच्या पातळ सालीसकट, चोथा न टाकता. रस नको, एका पेल्यात तीन-चार फळं जातात, चोथा तेवढा मागे राहतो. आज दिला तो औषध म्हणून.

"आन् शिताफळ?" काकूंनी विचारलं. बालाघाटाकडच्या माहेराहून टोपली आली होती. सीताफळाच्या गरात मोसंबीच्या दुपटीहून जास्त पिष्ट, म्हणून अर्धंच, आणि त्या दिवशी मोसंबी नाही. पेरू मात्र बियांसकट खा, त्यात चोथा भरपूर.

पुढच्या भेटीत मामांनी वही उघडली. मोसंबी खाल्ल्यानंतर दोन तासांनी साखर १४२. पुढे पेन्सिलीने लिहिलं होतं : झाड तिसरं, विहिरीकडचं.