आमची वाटचाल : द्राक्षाच्या कोल्ड स्टोरेजपासून घरातल्या एसीपर्यंत

नाशिकमध्ये आम्ही घरगुती एसी आणि पाणी तापवायचे हीट पंप विकतो, बसवतो, आणि पुढची वर्षं ते सांभाळतोही. पण आमचा हात बसला तो पिंपळगाव बसवंतच्या बाजूला, द्राक्षाच्या कोल्ड स्टोरेजमध्ये. मी आणि माझा मावसभाऊ दोघंही तिथे मेंटेनन्सला होतो. निर्यातीचा माल आत लागलेला असताना कॉम्प्रेसर बसला तर शेतकऱ्याच्या वर्षभराच्या कष्टांचं मातेरं होतं. त्यामुळे अंदाजाने बोलायचं नाही, आधी मीटर लावायचा, ही शिस्त तिथेच लागली. द्राक्षाचा हंगाम एप्रिलमध्ये आटोपतो आणि नेमका तेव्हाच घरोघरचे एसी कुरकुरायला लागतात. त्या मधल्या महिन्यांत घरगुती कामं घेत गेलो आणि पुढे सिडकोत गाळा घेऊन बसलो.

हे २०१०च्या सुमाराचं. त्याच वर्षीच्या जानेवारीपासून खोलीच्या एसीवर स्टार लेबल सक्तीचं झालं. ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोने, म्हणजे बीईईने, ही योजना २००६ साली ऐच्छिक म्हणून आणली होती. सक्ती झाल्यावर गिऱ्हाईक दुकानात येऊन तारे मोजायला लागलं. आधी कंपनीचं नाव आणि किंमत एवढंच विचारलं जायचं, त्यामानाने ही मोठीच गोष्ट होती. या लेबलने आमच्यासारख्या छोट्या दुकानदाराला बोलायला एक आधार दिला, असं मी आजही मानतो.

मात्र तारे स्थिर नसतात, आणि हे फार कमी लोकांना माहीत असतं. २०१० साली ज्या स्प्लिट एसीची कार्यक्षमता ३.१ होती, म्हणजे एक युनिट विजेत जो खोलीतली ३.१ युनिट उष्णता बाहेर टाकायचा, त्याला पाच तारे मिळत. २०१८पासून इन्व्हर्टर (म्हणजे गरजेप्रमाणे कॉम्प्रेसरचा वेग कमी-जास्त करणारा) असो वा साधा, सगळ्यांना आयसीर हे वर्षभराच्या वापरावर काढलेलं कार्यक्षमतेचं नवं माप लागू झालं. यात २४ ते ४३ अंशांपर्यंतच्या बाहेरच्या तापमानाचा आणि वर्षाला १६०० तासांच्या वापराचा हिशेब धरतात. त्या तक्त्यात ३.१ म्हणजे जेमतेम एक तारा, आणि पाच ताऱ्यांसाठी ४.५ लागायचे. जुलै २०२२मध्ये तक्ता पुन्हा कडक झाला आणि पाच ताऱ्यांची पायरी ५.० वर गेली. म्हणजे २०२१ साली ४.६चा एसी पाच ताऱ्यांचा होता, तोच एसी पुढच्या दिवाळीत चार ताऱ्यांचा झाला. मशीन तेच, बिलही तेच.

त्या वर्षी बाजारात जुन्या लेबलचा माल भरपूर होता आणि 'फाइव्ह स्टारवर भरघोस सूट' अशा पाट्या जागोजागी लागल्या होत्या. सूट खोटी नव्हती, लेबलही खोटं नव्हतं. पण गिऱ्हाइकाला वाटत होतं ते त्याला मिळत नव्हतं. तेव्हापासून आमच्या कोटेशनवर तारे दुसऱ्या ओळीत गेले. पहिल्या ओळीत आयसीरचा आकडा, लेबलवरची वर्षाची युनिटं आणि लेबल कुठल्या काळासाठी आहे ते. आमच्या धंद्यातला सगळ्यात महत्त्वाचा बदल विचाराल तर मी हाच सांगेन.

सिडकोतल्या एक शिक्षिका दोन एसी घ्यायला आल्या होत्या. म्हणाल्या, "दादा, दोन्ही फाइव्ह स्टारच द्या, एकदाच काय ते होऊन जाऊ दे." मी विचारलं, "मॅडम, दुसरी खोली कोणाची?" मुलगा पुण्याला शिकायला, सुटीत येतो तेवढीच ती खोली वापरात. मग लेबलं समोर ठेवली. दीड टनात तीन ताऱ्यांवर तेव्हा वर्षाला हजाराच्या आसपास युनिटं दिसत होती, पाच ताऱ्यांवर साडेसातशेच्या आसपास. फरक अडीचशेचा. युनिटला बारा रुपये धरले तर वर्षाचे तीन हजार, आणि दोन मशिनच्या किमतीत फरक होता आठेक हजारांचा. त्यांच्या स्वतःच्या खोलीत एसी रोज रात्रभर चालणार, तिथे हे पैसे तीन-चार उन्हाळ्यांत वसूल. मुलाच्या खोलीत चारशे तासही चालणार नाही, तिथे दहा वर्षांतही फिटत नाहीत. एक पाच ताऱ्यांचा आणि एक तीन ताऱ्यांचा घेऊन त्या गेल्या. त्या व्यवहारात आमचं कमिशन कमी झालं, पण त्यांच्या शाळेतल्या किती जणी नंतर आमच्याकडे आल्या!

वर बारा रुपये धरले त्यालाही कारण आहे. महावितरणचं घरगुती बिल टप्प्यांत चढतं : शंभरपर्यंत एक दर, मग तीनशेपर्यंत, मग पाचशेपर्यंत, मग त्यापुढचा. पंखा, फ्रीज, टीव्ही खालचे टप्पे आधीच भरून टाकतात. एसीची युनिटं वर जाऊन बसतात, घरातल्या सगळ्यात महाग दराला. म्हणून 'सरासरी दर इतका' म्हणून बचत काढली की ती नेहमी कमी दिसते. आम्ही गिऱ्हाइकाचं एप्रिल-मेचं बिल मागतो ते यासाठी.

आता सवलतींचं बोलतो, कारण रोज कोणीतरी विचारतंच : "सरकारची काही सबसिडी आहे का हो एसीवर?" दिल्लीत २०१९ साली ईईएसएल या सरकारी कंपनीने तिथल्या वीज वितरण कंपनीबरोबर ५.४ आयसीरचा दीड टनी एसी ४१,३०० रुपयांना दिला होता. मुंबईत टाटा पॉवरने जुना एसी घेऊन पाच ताऱ्यांचा सवलतीत देण्याची योजना चालवली. यात वीज कंपनीचाही फायदा असतो. मे महिन्यातली दुपारची आणि रात्रीची मागणी उतरली की तिला महागडी वीज कमी घ्यावी लागते. नाशिकच्या गिऱ्हाइकासाठी असा फॉर्म भरून द्यायचा योग आम्हाला अजून आलेला नाही. तो यावा अशी मनापासून इच्छा आहे.

आमच्याकडे आली ती जीएसटीतली कपात. २२ सप्टेंबर २०२५पासून एसीवरचा कर २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. त्याआधी कित्येक आठवडे दुकानात शुकशुकाट होता, सगळे थांबून होते. पुढे विक्री उसळली आणि आम्हालाही त्याचा हातभार लागला. तरीही माझं मत स्पष्ट सांगतो : ही कपात एक ताऱ्यालाही तेवढीच आणि पाच ताऱ्यांनाही तेवढीच आहे. हीच सवलत फक्त वरच्या ताऱ्यांना दिली असती तर ज्याचं बजेट हजार-दोन हजारांनी कमी पडतं तो माणूस चांगल्या मशिनकडे वळला असता. असे लोक आमच्या काउंटरवर रोज उभे असतात.

एक्स्चेंजच्या ऑफरबद्दलही थोडं. जुना एसी परत घेतला आणि रंगरंगोटी करून दुसऱ्या कोणाच्या भाड्याच्या खोलीत बसवला, तर वीज कुठे वाचली? आम्ही परत घेतलेल्या मशिनचा गॅस आधी रिकव्हरी मशिनने सिलिंडरमध्ये काढतो, हवेत सोडत नाही, आणि मग धूड नोंदणीकृत ई-कचरा रिसायकलरकडे देतो. भंगारवाला जास्त देतो, तरी.

आणि बसवणं. लेबलवरचा आकडा प्रयोगशाळेतला असतो. तो भिंतीवर उतरवायचा तर कारागिराच्या हाताला पर्याय नाही. तांब्याचा पाइप कापला की आतला कीस रीमरने साफ करायचा, फ्लेअर, म्हणजे पाइपचं पसरवलेलं तोंड, एकसारखा काढायचा, नट टॉर्क पान्यानेच आवळायचा. मग व्हॅक्यूम पंप लावून लाइनमधली हवा आणि दमटपणा ओढून घ्यायचा, पंप बंद करून गेजचा काटा जागचा हलतो का ते बघत थांबायचं. पुष्कळ ठिकाणी पंप आणतच नाहीत. मशिनमधलाच थोडा गॅस सोडून हवा ढकलतात, पाऊण तासात मोकळे. गॅस तेवढा कमी झाला, दमटपणा आतच राहिला, आणि पहिल्या दिवसापासून कॉम्प्रेसर जास्त राबतो. आमच्या मुलांना वेळ लागतो. गिऱ्हाईक कधी वैतागतं, पण काटा बघायला बोलावलं की बहुतेक जण शेजारी येऊन उभे राहतात.

आउटडोअरची, म्हणजे एसीच्या बाहेर बसणाऱ्या भागाची, जागा हा तर आमच्या सगळ्यात जास्त वादाचा विषय. नव्या इमारतींत डक्ट दिलेला असतो आणि मजल्यामागून मजल्यांची आउटडोअर त्यात कोंबलेली असतात. खालच्याची गरम हवा वरचा ओढतो. मालेगावला तर पारा ४३च्याही पुढे जातो, म्हणजे लेबलचा हिशेब जिथे संपतो तिथे खरा उन्हाळा सुरू होतो. स्लॅबखालची पश्चिमेची खोली असेल तर आम्ही आधी गच्चीला पांढरा उष्णतारोधक रंग द्यायला सांगतो, टनेज त्यानंतर ठरवतो. रिमोटवर १८ लावून काही लवकर गार होत नाही. २०२० पासून नवे एसी चालू होतात तेच २४ वर, आणि बीईईच्या हिशेबाने एक अंश वाढवला की साधारण सहा टक्के वीज वाचते. २५-२६ आणि वर हळू पंखा, आम्ही घरी हेच करतो.

हीट पंपाकडे वळलो ते निफाडच्या थंडीमुळे. तिकडे पारा पाच-सहा अंशांवर येतो आणि मोठ्या एकत्र कुटुंबात सकाळी दोन-दोन गिझर पेटलेले असतात. गिझर एक युनिट विजेतून जेमतेम एक युनिट उष्णता देतो. हीट पंप हवेतली उष्णता ओढून पाण्याला देतो, म्हणून त्याच विजेत साधारण तिप्पट काम होतं. अगदी कडाक्याच्या पहाटे तो मंदावतो, म्हणून टाकी दुपारी उन्हं असताना तापवून ठेवायचा टायमर आम्ही लावून देतो. बोअरचं पाणी असेल तर क्षारांचा बंदोबस्त आधी. किंमत बरीच असते, त्यामुळे तीन माणसांच्या फ्लॅटला आम्ही तो सुचवत नाही. पण वसतिगृह, मोठं बिऱ्हाड, गच्ची सोलरने आधीच भरलेली असेल, तर याच्याइतकं समाधान देणारं दुसरं काम आमच्याकडे नाही.

आज आमच्याकडे आयटीआयमधून रेफ्रिजरेशनचा ट्रेड केलेली मुलं आहेत. एसीतला आर-३२ हा गॅस पेट घेऊ शकतो, त्यामुळे नव्या मुलाला पहिला उन्हाळाभर एकट्याला पाठवत नाही.

आमच्याकडे येताना तीन गोष्टी मोबाइलमध्ये घेऊन या : मे महिन्याचं वीजबिल, खोलीचा फोटो खिडकीची दिशा लिहून, आणि आउटडोअर जिथे बसेल त्या जागेचा फोटो. जुना एसी असेल तर त्याच्या लेबलचाही. वर्षाचा खर्च काढून देतो. नवा घ्यायची गरज नसेल, नुसती कॉइल धुऊन भागणार असेल, तर तसंच लिहून देतो.