तुम्ही विचारलंत म्हणून: मोहाचं बी उगवत का नाही?

पावसाळा तोंडावर आला की हा प्रश्न हमखास येतो. धडगाव-अक्कलकुव्याच्या बाजारातून डोळी, म्हणजे मोहाचं बी, आणली, पिशव्या भरल्या, पाणी घातलं, तरी महिनाभरात एक अंकुर दिसला नाही.

दिसणारच नाही. बाजारात मिळते ती तेलासाठी वाळवलेली डोळी. मोहाचं बी वाळवून डब्यात ठेवता येत नाही. आतला ओलावा गेला की अंकुर मेला. नुसतं ठेवलं तरी काही आठवड्यांतच त्याची उगवण घसरते. म्हणून बी विकत घेऊ नका, झाडाखालून आणा. सातपुड्यात जून-जुलैत फळं पिकून गळतात. गर काढा, बी धुवा, सावलीत पाणी निथळू द्या आणि त्याच आठवड्यात पेरा. दोन-चार दिवस थांबावंच लागलं तर ओल्या गोणपाटात, सावलीला ठेवा. उन्हात मात्र अजिबात नको.

दोन भाग माती, एक भाग वाळू, एक भाग कुजलेलं शेणखत. पिशवी उंच घ्या, निदान फूटभर, कारण सोटमूळ आधी खाली धावतं आणि वरचं रोप मागून सावकाश येतं. बी दोन सेंटिमीटरपेक्षा खोल गाडू नका. साधारण दोन आठवड्यांत कोंब दिसतो. पिशव्या अधूनमधून उचलून जागा बदला. नाहीतर मूळ खालच्या जमिनीत घुसतं, लावायच्या वेळी तुटतं, आणि लोक म्हणतात रोप कमजोर होतं.

लागवड पुढच्या पावसाळ्यात. मे महिन्यातच दोन फूट लांब-रुंद-खोल खड्डे खणून तापू द्या. दोन झाडांत निदान आठ मीटर अंतर ठेवा. आज ते फार वाटेल, पण मोह मोठा पसरतो. मुरमाड, उताराची जमीन त्याला मानवते. तापीकाठच्या भारी काळ्या रानात पाणी साचत असेल तर तिथे लावूच नका, बांधाची उंच कड बघा. पहिले दोन उन्हाळे पाणी आणि काट्यांचं कुंपण हवंच. खान्देशात मोहाचं रोप उन्हाने मरतं त्याहून जास्त शेळ्यांच्या तोंडी जातं, असं माझं मत आहे. बुंध्याशी उदई, म्हणजे वाळवीही बघत राहा.

बियांपासूनच्या झाडाला फुलोरा यायला दहा वर्षं सहज लागतात. घाई असेल तर कलम करा. गुजरातेत गोध्र्याजवळच्या वेजलपूरच्या फळबाग संशोधन केंद्रात मोहाच्या मृदकाष्ठ (कोवळ्या फुटीवर बांधायच्या) कलमांवर काम झालं आहे. कलमाचं झाड लवकर फुलतं आणि चांगल्या झाडाचे गुणही टिकतात.

दुसरी शंका अशी की फुलं वेचली तर डोळी कमी येते का? नाही. पडलेलं फूल हातात घेऊन बघा. मांसल, पिवळसर, आत पोकळ, आरपार भोक. पडतो तो फक्त पाकळ्यांचा पेला आणि त्याला चिकटलेले पुंकेसर. बीजकोश दांड्यासकट फांदीवरच राहतो आणि त्याचंच पुढे फळ होतं. तेव्हा मार्च-एप्रिलमध्ये पहाटे खाली पडलेलं सगळं बिनधास्त वेचा.

खालचा पाचोळा मात्र जाळू नका. फुलं दिसावीत म्हणून लावलेली आग आपसूक उगवलेली रोपं संपवते आणि बुंधाही पोळते. झाडून घ्या, किंवा जुन्या साड्या नाहीतर जाळी अंथरा. माती न लागलेल्या फुलाला भावही बरा मिळतो. वाळवताना पातळ थर ठेवा, रोज परता. मुठीत दाबल्यावर फूल चिकटलं तर आणखी ऊन द्या. ओलं भरलं की पोत्यात आंबतं, बुरशी धरते.

घाण्यावर तेल काढून उरलेली पेंड गुरांना तशीच घालू नका, तिच्यात सॅपोनिन हा साबणासारखा फेसाळणारा विषारी घटक असतो. ती उकिरड्यात कुजवून शेतात टाका, आणि नाल्या-तळ्यात धुऊ नका, मासे मरतात.